खडकाची जागा नीट टिपून घे

मालवणला निघालीस, फार बरं केलंस. जतच्या विहिरीत पोहायला शिकलेली आपली पोर समुद्राच्या तळाशी जाणार, याचा मला खरंच अभिमान वाटतो. श्वास, दाब, हातांच्या खुणा, सगळं तारकर्लीला नीट शिकवतील. मला सांगायचंय ते जीपीएसचं.

अगं, उपग्रहाचा संदेश पाण्यात शिरत नाही, म्हणून पाण्याखालच्या खडकाच्या जागेची नोंद वर बोटीवरच घ्यावी लागते. नांगर टाकला की लगेच बटण दाबायचा मोह होतो. पण ती बोटीची जागा झाली, खडकाची नव्हे. तीस-चाळीस मीटर दोर सोडला की बोट खुंट्याला बांधलेल्या शेळीसारखी वाऱ्याबरोबर फिरत राहते. पाणी गढूळ असलं तर पाच मीटरपलीकडचं दिसत नाही, मग खडक शेजारी असून सापडत नाही. त्यापेक्षा खाली उतरलेल्यानं खडकापाशी दोरी बांधून बोया वर सोडावा, दोरी ताणून सरळ करावी आणि बोट बोयाला लागली की नोंद घ्यावी.

आकडे लिहिताना जप. १६ अंश ३.५० मिनिटं आणि १६ अंश ३ मिनिटं ५० सेकंद यांत ६०० मीटरहून जास्त फरक पडतो! यंत्र कोणत्या पद्धतीवर लावलंय ते वहीत लिहीत जा. खोली डाइव्ह कॉम्प्युटरवरून घे, सोबत वेळही टाक. भरती-ओहोटीनं पाणी वरखाली होतं.

आणि बोट हाकणाऱ्या तांडेलांना मान देऊन विचार. किल्ल्याचा बुरूज मागच्या डोंगराच्या टोकाशी जुळला आणि दुसरीकडे एखादा माड देवळाच्या कळसाशी जुळला, की खडक आला, असं ते ओळखतात. दोन्ही रेषा काटकोनाच्या जवळ असल्या तर जागा पक्की. बॅटरी संपली तरी ही खूण राहते.

मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. नोंद नेमकी असली तर नांगर प्रवाळावर न पडता बाजूच्या वाळूत टाकता येतो. माझ्या मते नोंदीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

निघण्याआधी जतमध्येच एक नोंद घेऊन बघ. अक्षांश १७ अंश ३ मिनिटं, रेखांश ७५ अंश १३ मिनिटं यांच्या आसपास यायला हवेत. नाही आले, तर यंत्र घेऊन माझ्याकडे ये, आपण दोघी मिळून लावू.