शेगावच्या मीराबेन

माणूस जेथे जन्मतो, तेथील हवा, पाणी आणि भाषा त्याच्या अंगवळणी पडलेली असतात. परक्या मुलखात जाऊन राहावयाचे म्हणजे या तिन्ही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. वर्धा जिल्ह्यात येऊन एका इंग्रज बाईंनी हे शिक्षण कसे घेतले, ते पाहण्याजोगे आहे.

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडील कारंजा (घाडगे) घ्या, नाहीतर वर्धा शहराजवळचे शेगाव घ्या. उन्हाळा सगळीकडे सारखाच कडक. वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बैलगाडीची चाके धरून ठेवतो. इंग्रजी अमलातील साहेब लोक या प्रांतात आले, की गावाबाहेरच्या बंगल्यात राहत. दारांना वाळ्याच्या ताट्या लावीत आणि ऊन फारच वाढले म्हणजे पचमढीच्या थंड हवेत जात. त्यांनी येथे वर्षेच्या वर्षे काढली; परंतु गाव त्यांना बंगल्याच्या ओसरीवरूनच दिसले.

मॅडलीन स्लेड यांचा मार्ग निराळा होता. त्यांचा जन्म १८९२ साली इंग्लंडमध्ये झाला. वडील ब्रिटिश आरमारातील मोठे अधिकारी होते. मॅडलीनना बेथोव्हेन या जर्मन संगीतकाराच्या संगीताचे वेड होते. त्या ओढीने त्या फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांना भेटल्या आणि त्यांच्याकडून त्यांना गांधीजींची ओळख झाली. हिंदुस्थानात जाण्याचे त्यांनी ठरविले. परंतु घाई केली नाही. सुमारे एक वर्ष त्यांनी सूत कातण्याचा व जमिनीवर झोपण्याचा सराव केला, मांसाहार सोडला आणि येथील भाषेचे पहिले धडे घेतले. नोव्हेंबर १९२५ मध्ये त्या साबरमतीच्या आश्रमात आल्या. गांधीजींनी त्यांना ‘मीरा’ हे नाव दिले.

पुढे गांधीजी वर्ध्यास आले. १९३५ च्या सुमारास त्यांचे सहकारी पहाटे उठून जवळच्या सिंदी गावी जात व रस्त्यांतील घाण उचलीत. त्यांत मीराबेनही होत्या. लोकांनी हे काम पाहिले. पण लगेच कोणी हाती झाडू घेतला नाही. जुनी सवय चार दिवसांत सुटत नाही, हे मीराबेनना तेथे उमजले.

१९३६ च्या आरंभी त्या शेगावात राहावयास गेल्या. गाव सुमारे ६०० वस्तीचे. तेथे ना पक्का रस्ता, ना टपालकचेरी. गावाची बोली वऱ्हाडी वळणाची मराठी. ती कानाला नवीच. भोवती साप, विंचू आणि हिवतापाचे डास. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावी आले. गावकऱ्यांना एकत्र बोलावून त्यांनी तेथे राहण्याची संमती मागितली. गावच्या वृद्ध पाटलांनी त्यांचे स्वागत केले. परंतु अस्पृश्यता सोडणे आपल्याला जमणार नाही, असेही स्पष्ट सांगितले. बाहेरून आलेल्या माणसांपुढे केवढे काम आहे, ते त्या एका उत्तराने कळले.

त्याच वर्षी मीराबेनना विषमज्वर झाला. गांधीजींनी त्यांची शुश्रूषा केली. बऱ्या झाल्यावर त्या थंड हवेच्या आपल्या देशी परत गेल्या नाहीत.

मीराबेनसाठी बांधलेली कुटी आजही तेथे आहे. माती, बांबू आणि कवेलू ही तिची सामग्री. म्हणजे त्या काळी गावचा शेतकरी वापरीत असे तीच. भिंतींवर मीराबेननी मातीतच ताडामाडांसारखी झाडे उठावाने रेखाटली. पुढे गांधीजी त्या कुटीत राहू लागले व ती ‘बापू कुटी’ म्हणून प्रसिद्ध झाली. आश्रमात साप सापडला, तर तो न मारता लाकडी चिमट्याने धरीत आणि दूर रानात सोडून देत. बुलढाणा जिल्ह्यातही शेगाव असल्यामुळे टपालाचा घोटाळा होई. म्हणून १९४० मध्ये या गावाचे नाव ‘सेवाग्राम’ ठेवण्यात आले.

मीराबेननी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास सोसला. नंतर त्यांनी हिमालयाच्या पायथ्याशी शेती व गोपालनाचे काम केले. १९५९ साली त्या भारतातून गेल्या आणि ऑस्ट्रियात, व्हिएन्ना शहराजवळ राहिल्या. तेथे तरुणपणीचे आवडते संगीत त्यांना पुन्हा भेटले. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले. १९८२ साली त्यांचे निधन झाले.

बंगल्यातील साहेबही परके होते आणि कुटीतील मीराबेनही परक्याच होत्या. साहेबांनी आपला देश येथे आणून ताट्यांच्या आड जपला. मीराबेननी येथील माती हातांनी मळली. शेगाव एका दिवसात बदलले नाही आणि मीराबेनही एका दिवसात शेगावच्या झाल्या नाहीत. दोघांनाही वेळ लागला. तो देण्याची त्यांची तयारी होती.

स्वाध्याय
१. हिंदुस्थानात येण्यापूर्वी मीराबेननी कोणती तयारी केली?
२. ‘गाव त्यांना बंगल्याच्या ओसरीवरूनच दिसले’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या गावी दुसऱ्या प्रांतातून राहावयास आलेल्या एखाद्या कुटुंबाला प्रथम कोणत्या अडचणी येतील? त्यांना तुम्ही कोणती मदत कराल?