माजुली : बेट स्वस्त, वाट महाग

माजुलीला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो एकूण किती लागतील याचा. मुंबई-पुण्याहून दोघांनी विमानाने जाऊन बेटावर चार रात्री राहायचं तर पन्नास हजारांची तयारी ठेवावी. रेल्वेने गेलात तर तीस हजारांच्या आसपास भागतं. यातले बेटावर प्रत्यक्ष खर्च होतात ते जेमतेम पंधरा हजार, बाकीचे जाण्यायेण्यात जातात. त्यामुळे एवढ्या लांब जाऊन एकाच रात्रीत परतणं हा सगळ्यात तोट्याचा व्यवहार आहे, आणि बहुतेक सहल कंपन्या नेमका तोच विकतात. काझीरंगा, शिलाँग यांच्या मध्ये माजुलीचा अर्धा दिवस कोंबलेला असतो. अशी सहल घेऊ नका.

माजुली आसामात आहे, ब्रह्मपुत्रेच्या पात्रात, जोरहाटच्या समोर. २०१६ साली तिचा स्वतंत्र जिल्हा झाला. नदीतल्या बेटाचा जिल्हा होण्याची ही देशातली पहिलीच वेळ. भारतीयांना इथे कुठलाही परवाना लागत नाही.

विमानाने कोलकाता किंवा गुवाहाटीमार्गे थेट जोरहाटला उतरता येतं. दोन महिने आधी तिकीट काढलं तर माणशी जाऊन-येऊन पंधरा ते अठरा हजार धरा. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत हा आकडा कुठेही जातो. रेल्वेने मुंबईहून गुवाहाटी म्हणजे गाडीत दोन रात्री. स्लीपरचं भाडं हजाराच्या आसपास आणि थर्ड एसीचं अडीच हजारांच्या घरात. पुढे जोरहाट साधारण तीनशे किलोमीटर. सकाळची जनशताब्दी आहे, पण ती दुपारी पोचवते आणि तोवर शेवटची बोट गाठायची धावपळ होते. त्यापेक्षा गुवाहाटीहून रात्रीची बस बरी. सहाशे ते हजार रुपयांत पहाटे जोरहाटला सोडते, एका मुक्कामाचे पैसेही वाचतात.

जोरहाटहून निमाती घाट चौदा किलोमीटर. सहा आसनी टेम्पोत जागा मिळवलीत तर पन्नासच्या आत काम होतं, अख्खी रिक्षा केली तर तीन-चारशे. घाटावर तिकीट खिडकी आहे. पायी प्रवाशाचं बोटीचं भाडं किरकोळ, चहा-नाश्त्याच्या पैशांइतकंच. दुचाकी चढवायला थोडे जास्त आणि चारचाकीला मात्र बरेच लागतात, शिवाय जागेसाठी ताटकळावं लागतं ते वेगळं. भाड्याची गाडी जोरहाटलाच सोडून द्या. बेटावर तिची गरज नाही.

बोटीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ८ सप्टेंबर २०२१ रोजी निमाती घाटाजवळ दोन बोटींची टक्कर होऊन जीवितहानी झाली. त्यानंतर एका इंजिनाच्या खासगी प्रवासी बोटी सरकारने बंद केल्या. तुम्ही सरकारी फेरीनेच जा, लाइफ जॅकेट मागून घ्या आणि बोट खच्चून भरलेली दिसली तर पुढच्या बोटीची वाट पाहा. शेवटची बोट दुपारी साडेतीन-चारच्या सुमाराला सुटते. हिवाळ्यात धुकं विरेपर्यंत सकाळची बोट हलत नाही. पाणी ओसरलं की घाटाची जागाही सरकते, मग बोटीपर्यंत वाळूतून चालत जावं लागतं. चाकांची बॅग घरी ठेवून पाठीवरची सॅक घ्या. पलीकडे जायला तास-दीड तास लागतो. परतीचं विमान किंवा गाडी बोटीच्याच दिवशी ठेवू नका. आदली रात्र जोरहाटला काढा. हजार-पंधराशेची साधी खोली घेतलीत तरी चुकलेल्या विमानापेक्षा ती स्वस्त पडते.

पलीकडे कमलाबारी घाटावर सामायिक गाड्या उभ्याच असतात. कमलाबारी आणि गरमूर ही बेटावरची दोन मुख्य गावं, राहण्याची सोय बहुतेक यांच्याच आसपास. बांबूच्या खोल्या रोजच्या आठशेपासून दोन हजारांपर्यंत मिळतात. मी सांगेन की मिसिंग या इथल्या आदिवासी जमातीच्या वस्तीत, एखाद्या कुटुंबाकडेच राहा. त्यांचं घर, चांग घर, खांबांवर उचललेलं असतं, कारण पुराचं पाणी दरवर्षी अंगणात येतं. खाचा पाडलेल्या एका ओंडक्यावरून वर चढायचं. चालताना बांबूची जमीन पायाखाली किंचित लवते. घराच्या मधोमध चूल, तिच्यावर टांगलेल्या मांडणीवर मासे धुरावर वाळत असतात, आणि खाली, घराच्या सावलीत, बाईचा माग चाललेला असतो. या घरात गरम पाणी बादलीने मिळेल, वीज अधूनमधून जाईल, मच्छरदाणी मात्र नक्की असेल. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा दमट असतो, तेव्हा एक जाड स्वेटर न्याच.

जेवण माणशी दीडशे ते अडीचशे रुपयांत पोटभर. भात, डाळ, नदीतला मासा, बदक किंवा डुकराचं मांस, सोबत तांदळाची घरगुती दारू, अपोंग. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. मोहरीच्या तेलातलं आलू पितिका म्हणजे बटाट्याचं भरीत, ढेकिया नावाची नेच्याची भाजी आणि डाळ-भात सगळीकडे मिळतो. फक्त सकाळीच सांगून ठेवा. तुमच्यासाठी बाजार त्या दिवशीच होतो, ऐन वेळी मागवायला तिथे हॉटेल नाही.

फिरायला सायकल दोन-तीनशे रुपये रोज, स्कूटर पाच ते सातशे. सायकलच घ्या. रस्ते सपाट आहेत, दोन्ही बाजूंना भातशेती आणि पाणथळ, हिवाळ्यात त्यात दूरदेशीचे पक्षी उतरलेले. अंधार लवकर पडतो, डिसेंबरात साडेचार-पाचलाच, त्यामुळे दिवस पहाटे सुरू करावा लागतो.

माजुलीचा प्राण तिथल्या सत्रांमध्ये आहे. आसामचे संत शंकरदेव आणि त्यांचे शिष्य माधवदेव यांच्या वैष्णव परंपरेचे हे मठ. शंकरदेव १५६८ साली गेले, तेव्हा आपल्याकडे एकनाथ महाराज तरुण होते. हरिनामाचा गजर, कथेतून शिकवण आणि लोकांच्या भाषेवरचा भर पाहून वारकरी घरातल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. नामघरात म्हणजे प्रार्थनागृहात बसून सायंकाळचं कीर्तन ऐकायला एक पैसाही लागत नाही. चपला बाहेर काढा, मणिकूट म्हणजे गाभाऱ्याच्या भागात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, प्रार्थनेच्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवा. पेटीत शंभर रुपये टाकलेत तर ते योग्य जागी जातात. औनीआटी सत्रात जुन्या वस्तूंचं छोटं संग्रहालय आहे, त्याला नाममात्र तिकीट. उत्तर कमलाबारी सत्रात ब्रह्मचारी भकत राहतात, तिथली सत्रीया नृत्याची तालीम पाहायला मिळाली तर तास काढून बसा.

सामागुरी सत्राला एक अख्खी सकाळ द्या. इथे भाओना या नाट्यप्रकारासाठी मुखवटे बनतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा विणायचा, चिकणमातीत बुडवलेलं कापड त्यावर चढवायचं, मग माती आणि शेणाचा लेप, तो अर्धवट सुकला की बांबूच्या धारेने नाक-भुवया कोरून घासायच्या, शेवटी रंग. काही मुखवट्यांचे जबडे हलतात. घरातले सगळेच हात या कामाला लागलेले दिसतात. इथले कलाकार हेमचंद्र गोस्वामी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, आणि माजुलीच्या मुखवट्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन. छोटा मुखवटा तीन-पाचशेला मिळतो, मोठे काही हजारांत जातात. यात घासाघीस करू नका. अनेक दिवसांच्या कामाला सांगितलेला तो भाव आहे, आणि मध्ये दलाल नसल्याने पूर्ण पैसा करणाऱ्याच्या हातात पडतो. मिसिंग बायकांनी मागावर विणलेली शाल हजार ते तीन हजारांना मिळते, तिलाही हेच लागू. सालमोरा गावात बायका चाकाशिवाय, नुसत्या हाताने आणि थापीने मडकी घडवतात; तिथून एखादं छोटं मडकं कपड्यांत गुंडाळून आणता येतं.

या साध्या जगण्याचं कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. आपल्याला जी शांतता वाटते ती तिथल्यांची अडचण आहे. रात्री दुखणं बळावलं तर गरमूरच्या जिल्हा रुग्णालयापलीकडे जायला नदी आडवी येते. १५ ऑगस्ट १९५०च्या भूकंपानंतर ब्रह्मपुत्रेने काठ खायचा वेग वाढवला. गेल्या शतकाच्या सुरुवातीला बाराशे चौरस किलोमीटरहून मोठं असलेलं बेट आता निम्म्याहून कमी उरलं आहे. कित्येक कुटुंबांनी घर तीन-तीनदा मागे हलवलं आहे. तेव्हा शांतता टिकावी म्हणून ‘इथे पूल होऊ नये’ असं पाहुण्याने त्यांच्या ओट्यावर बसून म्हणू नये.

जायचे महिने नोव्हेंबर ते मार्च. जून ते सप्टेंबर पुराचे, तेव्हा जाऊच नका. सत्रांमधला रास उत्सव पाहायचा असेल तर आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला जा, पण खोल्या महिना-दोन महिने आधी सांगाव्या लागतात आणि दर वाढलेले असतात. गर्दी नको असेल तर आसामी पंचांगातल्या फागुन महिन्याच्या पहिल्या बुधवारी मिसिंगांचा अली आये लिगांग हा पेरणीचा सण गाठा.

रोख पैसे जोरहाटलाच काढून घ्या, तेही शंभर-पन्नासच्या नोटांत. बेटावर एटीएम आहेत, पण भरवशाचे नाहीत, आणि नेटवर्क गेलं की मोबाइलने पैसे देता येत नाहीत. नेहमीची औषधं पुरेशी न्या. प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेष्टनं परत जोरहाटला आणा, बेटावर कचरा टाकायला जागा म्हणजे शेवटी नदीच.

सगळा मिळून प्रवासासह आठवडा हाताशी नसेल तर यंदा जाऊ नका. रजा साठवा आणि पुढच्या हिवाळ्याची विमानाची तिकिटं ऑगस्टमध्येच काढा.