आधी जोकर होऊ द्या

निकाल लागले की माझ्याकडे करिअरचा सल्ला मागायला दोन प्रकारचे पालक येतात. पहिल्यांना कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच हवं असतं. त्यांच्याबद्दल आज लिहीत नाही, प्रवेशाच्या कॅप राउंडचे पसंतीक्रम ते माझ्यापेक्षा बरे भरतात. दुसऱ्यांच्या पोराला 'ॲक्टिंग'मध्ये जायचं असतं आणि हातात तीन महिन्यांच्या कोर्सचं चकचकीत माहितीपत्रक असतं. फी लाखांत. वर पोर्टफोलिओ आणि ऑडिशनची 'हमी'. "सर, भरू का?"

नका भरू. आधी वर्षभर मूकाभिनय आणि विदूषकी शिकू द्या. "म्हणजे जोकर?" बहुतेक वडील इथेच ताठ होतात. हो, जोकर.

पहिला धडा काय असतो? नसलेला चहाचा ग्लास उचलायचा. पोरगं ऐटीत उचलतं, फुंकर मारतं, घोट घेतं आणि ठेवताना मूठ मिटतं. झाला ग्लासाचा चुरा! बोटांमधलं अंतर ग्लासाएवढंच राहिलं पाहिजे, टेबलाची उंची मधेच बदलता कामा नये. मग भरलेली बादली. तिचं वजन हातात दाखवून भागत नाही, कंबर दुसऱ्या बाजूला कलावी लागते, मोकळा हात आपोआप बाहेर जातो. कॅमेऱ्यापुढे हेच अंग कामाला येतं.

विदूषकी त्याहून अवघड. फ्रेंच नाट्यशिक्षक जाक लकॉक यांनी १९५६ साली पॅरिसमध्ये नाट्यशाळा काढली. लाल नाकाला ते जगातला सर्वांत छोटा मुखवटा म्हणत. एकदा त्यांनी विद्यार्थ्यांना हसवून दाखवायला सांगितलं. एकालाही जमेना. हिरमुसून पोरं जागेवर जाऊन बसू लागली, आणि तेव्हा हशा पिकला. चारचौघांत फजिती झाली तरी पळून न जाता तिथेच उभं राहायचं, हा सगळा अभ्यासक्रम. पंच्याण्णव टक्केवाल्यांना तो सर्वांत जड जातो.

शिकायचं कुठे? कॉलेजच्या युवक महोत्सवाच्या संघात घुसा. आंतरविद्यापीठ महोत्सवात मूकाभिनयाला सहा जण आणि पाच मिनिटं मिळतात, फी शून्य. पुढे पुण्याचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला (एनएसडी) पदवी लागतेच, म्हणून कॉलेज सोडू नका. मूकाभिनयच करायचा असेल तर कोलकाता गाठा. जोगेश दत्त आणि निरंजन गोस्वामी यांनी तिथे ही कला रुजवली.

पोट भरेल? नुसत्या मूकाभिनयावर नाही. शाळेत नाट्यशिक्षक, ॲनिमेशन, बालनाट्य असं जोडून जमतं. न्यूयॉर्कच्या बिग ॲपल सर्कसने १९८६पासून आजारी मुलांसाठी रुग्णालयात विदूषक पाठवले. आपल्याकडे असं काम अजून थोडंच आहे, त्यावर घराचा हप्ता काढू नका.

आणि पालकहो, मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका. परवा एक आई लेकीच्या वतीने वीस मिनिटं बोलत होत्या. शेवटी मी मुलीला म्हटलं, "रोजची सकाळ दाखव, न बोलता." तिने कुकरचं झाकण लावलं, बोटांवर शिट्ट्या मोजल्या, गॅस बंद केला. मग चोरून दाराकडे पाहिलं आणि हातातलं काहीतरी हळूच गादीखाली सरकवलं. बोटं नीट उघडून.

आई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "काय ठेवलंस गं तिथे?"