पंखांवाचून ऊब

बदलापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या वाटेवर भातशेतीची खेडी लागतात. तेथील अंगणात कोंबडी खुडूक झाली, म्हणजे घरातील एखादी जाणती बाई पाटीत पेंढा पसरते, त्यावर दहाबारा अंडी मांडते आणि कोंबडीला उबवणीस बसवते. मग एकवीस दिवस ती जागची फारशी हलत नाही. दाणापाण्यापुरती उठते आणि लगबगीने परतते. मधूनमधून चोचीने अंडी फिरवते. पिल्ले बाहेर आली की पुढचे सारे तीच पाहते. गारवा वाटला की पंख पसरते. दाणा दिसला की तो उचलून पुन्हा खाली टाकते आणि पिल्लांना हाक घालते. आकाशात घार दिसताच ती असा काही आवाज काढते की, क्षणात सगळी पिल्ले तिच्या पोटाखाली नाहीशी होतात! माणसाकडे काम उरते ते सायंकाळी डालगे झाकण्याचे.

शहरात गोष्ट निराळी असते. उल्हासनगर हे १९४९ साली नाव मिळालेले नगर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना तेथील लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला, आणि आजही तेथील भाग ‘कॅम्प’ या नावानेच ओळखले जातात. अशा दाट वस्तीत, किंवा अंबरनाथच्या चाळीत, पिल्ले येतात ती पुठ्ठ्याच्या खोक्यातून. ती उबवणी यंत्रात जन्मलेली असतात. आपली आई त्यांनी पाहिलेलीच नसते.

जन्मताच इतका प्रवास त्यांना कसा सोसतो? अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला पिवळा बलक आपल्या पोटात ओढून घेते. ही शिदोरी त्याला दोनतीन दिवस पुरते. मात्र या शिदोरीत ऊब नसते. पिल्लाच्या अंगावर असते ती नुसती लव. ती दिसते मऊ. पण शरीराची उष्णता राखण्याचे पिसांचे काम तिला साधत नाही. खोके उघडताच मुले पिल्लांना हातोहात फिरवू लागतात, आणि नेमके तेच त्या दिवशी करू नये. पहिल्या आठवड्यात दगावणारी पुष्कळशी पिल्ले भुकेने नव्हे, तर गारठ्याने दगावतात.

म्हणून पिल्ले येण्याआधीच त्यांचे घर उबदार करून ठेवावे. पन्हळी पुठ्ठा वाकवून त्याचे गोल कडे करावे. चौकोनी खोके टाळावे. कारण थंडी वाजली की पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. तळाशी भाताचे तूस पसरून पहिले काही दिवस त्यावर गोणपाट अंथरावे. गुळगुळीत वर्तमानपत्रावर त्यांचे पाय फाकतात, आणि असे अधू झालेले पाय पुढे क्वचितच नीट होतात. वर हात-दीड हात उंचीवर ६० वॅटचा तारेचा दिवा पक्का टांगावा. दहाबारा पिल्लांना तो पुरतो. घरोघरी हल्ली एलईडी दिवे असतात. त्यांचा उजेड लख्ख पडतो. पण पिल्लांना लागणारी ऊब त्यांच्यापासून मिळत नाही!

पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता असावी आणि पुढे दर आठवड्याला ती तीन अंशांनी कमी करावी, असे जाणकार सांगतात. घरात उष्णतामापक नसला तरी अडत नाही. पिल्ले दिव्याखाली दाटी करून कर्कश चिवचिवाट करू लागली, तर त्यांना थंडी वाजते आहे. चोची उघड्या टाकून, पंख सैल सोडून ती कडेला पळाली, तर उष्मा अधिक झाला. जी सर्वत्र विखुरलेली असतात, मध्येच दाणा टिपतात, मध्येच पेंगतात आणि हळू किलबिलतात, त्यांचे सारे ठीक चालले आहे. दिव्याची दोरी त्याप्रमाणे वर-खाली करावी. मे महिन्यात बदलापूरचा पारा कधीकधी चाळिशी ओलांडतो. तेव्हा भर दुपारी दिवा मालवून टाकावा.

पावसाळ्यात वीज गेली तर? गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिल्लांजवळ ठेवावी आणि कड्यावर अर्धवट चादर पांघरावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र ठेवू नये. तिचा विषारी वायू पिल्लांना मारतो आणि माणसांनाही.

आधी पाणी, मग दाणा, हा क्रम पाळावा. कोमट पाण्यात किंचित गूळ विरघळवून ते उथळ परळात ओतावे. परळात खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू आत पडून बुडणार नाही. एकदोन पिल्लांची चोच पाण्याला हलकेच लावली की बाकीची पाहून शिकतात. काही तासांनी मक्याचा बारीक भरडा द्यावा आणि दोनेक दिवसांत पिल्लांचे तयार खाद्य सुरू करावे. नुसत्या तांदळाच्या कणीवर पोट भरते, पण अंग भरत नाही.

बाजारात कोठेकोठे गुलाबी, हिरव्या रंगांची पिल्ले टोपलीत दिसतात. हा रंग माणसाने लावलेला असतो. अंडी देणार नाहीत म्हणून उबवणी केंद्रांना नकोसे झालेले नर त्यांत पुष्कळ असतात. पिल्लू म्हणजे खेळणे, ही समजूत त्या रंगामुळेच पसरते. पुढे रंग उडतो, पिसे येतात, आणि चारपाच महिन्यांचा होईतो कोंबडा पहाटे चाळ जागी करू लागतो.

ठाणे जिल्ह्याच्या पावसात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ओले तूस. त्यात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. ओले तूस रोज काढावे, कोरडे घालावे. कुमाऊँच्या डोंगरातील रानीखेत गावाचे नाव मिळालेला मानमोडीसारखा रोग तर एकदा जडल्यावर औषधाला दाद देत नाही. म्हणून पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून डोळ्यात लशीचा थेंब घालून घ्यावा. लशीची कुपी एकदम शंभर किंवा अधिक पक्ष्यांपुरती असते. तेव्हा शेजारपाजारच्यांनी मिळून दिवस ठरवणे सोयीचे. शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्ड फ्लू आढळला आणि हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. एकाएकी अनेक पक्षी मेले, तर त्यांना हात न लावता दवाखान्यास कळवणे हेच शहाणपणाचे. एरवीही पिल्लांना हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

रात्री कड्यावर जाळी घट्ट बांधावी. मांजर, घूस आणि मुंगूस शहरातही असतात.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात लव झडून अंगभर पिसे येतात. पिल्ले दिव्यापासून दूर झोपू लागतात. मग जमिनीपासून वीतभर उंच एक काठी आडवी बांधावी. सुरुवातीला ती तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पुढे एका संध्याकाळी एखादे धीट पिल्लू धडपडत वर चढते, डोलत तोल सावरते, आणि दिवा न लावताच सगळी शेजारी शेजारी झोपतात.