‘लाईट गेली’ म्हणताना काय करावे, काय टाळावे

बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशसारख्या गावात सकाळपासून रात्रीपर्यंत जे इंग्रजी शब्द तोंडी असतात, त्यांत ‘लाईट’चा नंबर फार वरचा. दळण लाईटवर, मोटर लाईटवर, बिल लाईटचं, खांबही लाईटचा. मूळ इंग्रजीत ज्याचा अर्थ उजेड, तो शब्द मराठीने अख्ख्या वीजपुरवठ्याला देऊन टाकला. त्यात काही गैर नाही. आकाशातली ती वीज आणि तारेतली ती लाईट, अशी चोख वाटणी खेड्यापाड्याने केलेली आहे; ‘वीज पडली’ आणि ‘लाईट गेली’ यांत कोणाचा घोळ होत नाही. घोळ होतो तो वेगळाच. बल्ब विझला तरी लाईट गेली, एक फेज गेला तरी लाईट गेली, डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, जळाली तरी लाईट गेलीच. मग ‘लाईट गेली’ म्हणजे तारेत काही नाही असं समजून कोणीतरी डीपीपाशी जातो. ही यादी त्यासाठी.

काय करावे

• रोजच्या बोलण्यात खुशाल ‘लाईट’ म्हणावे. गुजरातीत आणि हिंदीतही लाईटच जाते. नायजेरियातले लोकही वीजपुरवठ्याला लाईट म्हणतात आणि ती परत आली की पोरं ‘अप नेपा!’ असं ओरडतात. नेपा ही तिथली जुनी सरकारी वीज संस्था. 2005 मध्ये तिचं नाव बदललं, आरोळी बदलली नाही. आपल्याकडेही 1960 मध्ये स्थापन झालेल्या वीज मंडळाचं 2005 मध्येच विभाजन होऊन महावितरण आली, पण गावात अजून ‘एमएसईबीवाले’च येतात. तेही चालेल.

• तक्रार नोंदवताना मात्र शब्द फोडून सांगावा. आपल्याच घरात लाईट नाही की सगळ्या आळीत? डीपीवरचं सगळं बंद आहे की एकच फेज गेलाय? तार तुटून पडली आहे का? डीपीतून तेल गळतंय का? डीपी 11,000 व्होल्टचा दाब उतरवून तीन फेजमध्ये वाटते. त्यातला एक गेला की एका आळीत अंधार होतो, शेजारच्या आळीत टीव्ही चालू राहतो, आणि विहिरीवरची थ्री फेज मोटर नुसती घुं करत बसते. तशीच चालू ठेवली तर वायंडिंग जळतं. ‘मोटर घुं करतेय, उचलत नाही’ एवढ्या वाक्यावरून वायरमनला जे कळतं, ते ‘लाईट नाही’वरून कळत नाही. फोन करताना बिलावरचा 12 आकडी ग्राहक क्रमांक हाताशी असावा. नंबर 1912.

• ऊसतोडीला कर्नाटकात जाणाऱ्यांनी ‘करंट’चा तिकडचा अर्थ समजून घ्यावा. बीड जिल्ह्यातून दरसाल टोळ्या बेळगाव, बागलकोटकडच्या कारखान्यांना जातात. कन्नडमध्ये ‘करेंट होय्तु’ म्हणजे आपली लाईट गेली, ‘करेंट बंतु’ म्हणजे लाईट आली. तमिळ आणि तेलुगूतही लाईटऐवजी करंटच जातो. आपल्याकडे करंट म्हणजे झटका. फडावर आपला माणूस ‘करंट, करंट’ असं ओरडला तर कन्नड शेजाऱ्याला ती लाईट आल्या-गेल्याची बातमी वाटू शकते. तिथे ‘शॉक’ असंच ओरडावं. हा शब्द दोन्हीकडे एकाच अर्थाचा आहे. तक्रारीचा 1912 नंबर तिकडेही चालतो.

• मुलं परदेशी असतील तर त्यांना तिथला शब्द विचारून घ्यावा. इंग्लंडमध्ये ‘पॉवर कट’, अमेरिकेत ‘आउटेज’. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात लाईट बिलाला ‘हायड्रो बिल’ म्हणतात, कारण तिथली वीज सुरुवातीला आली ती नायगाऱ्याच्या पाण्यावरची.

काय टाळावे

• ‘लाईट गेलीय’ एवढ्या बोलीवर तारेला, फ्यूजला, डीपीला हात लावणे. हे सगळ्यात आधी टाळावे. घरातला दिवा बंद म्हणजे कदाचित एकच फेज बंद. उरलेले दोन तारेत जिवंत असू शकतात. कोणाचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असेल तर प्रवाह उलटा लाईनवर येतो. लोडशेडिंगची लाईट तर केव्हाही परत येते. म्हणूनच वायरमन खांबावर चढण्याआधी उपकेंद्रातून लाईन बंद करून घेतो. त्याला ‘परमिट’ म्हणतात. ज्याचं हे रोजचं काम आहे तो नुसत्या ‘लाईट गेली’वर विसंबत नाही, मग आपण का विसंबावं?

• ‘सिंगल फेजच आहे’ म्हणून निर्धास्त राहणे. 230 व्होल्ट जीव घ्यायला पुरेसे आहेत.

• ‘लाईट नाही’ म्हणून मोटरीचा स्विच तसाच ठेवून दुरुस्तीला बसणे. ऑटो स्टार्टर बसवलेला असेल तर लाईट येताक्षणी मोटर आपोआप सुरू होते. आधी मेन स्विच खाली ओढावा, मग काम.

• ‘परळीला लाईट बनते, मग आपली का जाते?’ म्हणून वायरमनशी भांडणे. परळीच्या औष्णिक केंद्रातली वीज राज्याच्या ग्रीडमध्ये जाते, थेट गावाकडे येत नाही. 2013 आणि 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं; तेव्हाही आपली लाईट ग्रीडमधूनच येत होती. गावातली लाईट बहुतेक वेळा फीडरवर नाहीतर डीपीवर अडते. भांडायचंच तर डीपीवरचा वाढलेला भार आणि टाकलेले आकडे यांवर ग्रामसभेत बोलावं.

• शॉक बसलेल्या माणसाला हाताने ओढणे. आधी मेन स्विच बंद करावा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने तार बाजूला करावी. हे फक्त घरातल्या जोडणीपुरतं. 11,000 व्होल्टची तार असेल तर काठीही लावू नये, लांबच थांबावं आणि 1912 ला व रुग्णवाहिकेच्या 108 ला फोन करावा.

हे दोन्ही नंबर आजच मीटरच्या पेटीशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, घरातल्या लहान पोरालाही वाचता येतील एवढ्या उंचीवर.