शत्रू समोर नाही, डोक्यात!

गोल्फमध्ये चेंडू जागेवरच असतो. तरी काल सरळ गेलेला शॉट आज झाडीत जातो! कारण मारण्याआधी विचार करायला भरपूर वेळ मिळतो, आणि नेमकी मागची चूक आठवते.

अमेरिकेचा बॉबी जोन्स हौशी खेळाडू होता, शिवाय आपल्यासारखाच इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, ब्रँच मेकॅनिकल! १९१६ साली, चौदाव्या वर्षी तो राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. हात सोन्याचा, पण राग नाकावर. १९२१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये बंकरमध्ये अडकला, वैतागला आणि स्पर्धेवर पाणी सोडलं. १९२३ मध्ये यू.एस. ओपन जिंकून कोंडी फुटली. पण खरं सातत्य आलं ते समोरच्याऐवजी 'पार'शी खेळायला शिकल्यावर. पार म्हणजे प्रत्येक होलसाठी ठरलेले फटके. पार चिडत नाही, घाबरतही नाही. १९३० मध्ये त्याने तेव्हाच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, तेही हौशी राहूनच!

यातून आपण काय घ्यायचं?

१. प्रत्येक शॉटआधी क्रम तोच ठेवा: लक्ष्य बघा, एक प्रॅक्टिस स्विंग, मग फटका.

२. फसलेला शॉट एका जादूच्या फटक्याने भरून काढू नका. आधी चेंडू मोकळ्यात आणा.

३. स्वतःचा पार ठरवा. चारच्या होलला नवशिक्याने सहा घेतले तरी चालतं.

व्हायव्हात पहिला प्रश्न चुकला की येत असलेला दुसराही जातो, तो ह्याच रोगाने. तेव्हा पुढचा प्रश्न म्हणजे नवीन होल समजा, आणि शेजारच्याचे मार्क मोजत बसू नका!