चामखीळ, मस आणि बिलातला कोड

विज्ञान शाखेची बरीच मुलं हल्ली मेडिकल कोडिंगच्या नोकरीत जातात. काम बहुधा अमेरिकेतल्या रुग्णांच्या बिलांचं. मुलगा नेमकं करतो काय, हे घरी कुणाला सांगता येत नाही! म्हणून हा छोटा पाठ.

तिथे डॉक्टरांच्या प्रत्येक कामाला पाच अंकी सीपीटी कोड असतो. चामखिळी गोठवून किंवा जाळून नष्ट केल्या तर १७११०. एक असो की चौदा, कोड एकदाच. पंधरा झाल्या की त्याऐवजी १७१११.

खरी गंमत कापून काढण्यात आहे. समजा, पाठीवर कर्करोग नसलेली १ सेंमी रुंदीची गाठ आहे. डॉक्टरांनी कडेची २ मिमी चांगली त्वचाही घेतली. माप किती? मुलं पटकन १.२ म्हणतात. पण कड दोन्ही बाजूंना असते ना! १ + ०.२ + ०.२ = १.४ सेंमी. पाठीवर ०.६ ते १ सेंमीला ११४०१, १.१ ते २ सेंमीला ११४०२. कड विसरली की डॉक्टरांचं नुकसान, माप फुगवलं की फसवणूक. आणि माप कापण्याआधीचंच घ्यायचं, कारण काढलेला तुकडा आकसतो. साधे टाके त्याच कोडमध्ये आले. गाठ कर्करोगाची निघाली तर कोड ११६०० च्या मालिकेतला लागतो, म्हणून पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येईपर्यंत बिल थांबवलेलं बरं.

नुसता दिसायला नको म्हणून काढलेल्या मसाचे पैसे विमा सहसा देत नाही. रक्त येतं, कपड्याला घासून दुखतं, असं डॉक्टरांच्या नोंदीत असेल तर गोष्ट वेगळी. नोंदीत नसेल तर कोडरने डॉक्टरांना विचारायचं, मनाने लिहायचं नाही.